लिलावातलं जुनं मीटर: आधी ओळखा, मग उघडा, प्लग सगळ्यात शेवटी

लिलावाच्या यादीत अनेकदा एकच ओळ असते: जुनी विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, मिश्र, एक लॉट, ‘जसे आहे, जेथे आहे’ तत्त्वावर. वजन लिहिलेलं असतं, नावं नसतात. लॉट दुकानात आला की गोणीतून काय काय निघतं! काळ्या बेकेलाइटची मीटरं, गोल काचेचा पडदा असलेली जड पेटी, दांडा फिरवायचा एखादा डबा, पितळी खुंट्या लावलेलं लाकडी खोकं. मग दुकानात दोन मतं पडतात. एकजण म्हणतो, फोडा आणि तांबं वेगळं काढा. दुसरा म्हणतो, लावून तर बघू, चालतंय का.

दोन्ही मतं घाईची आहेत. फोडलं, तर हजारोंची वस्तू किलोच्या भावात जाते. थेट लावून बघितलं, तर तीस वर्षं बंद असलेलं यंत्र पहिल्याच मिनिटात जळतं आणि कधी कधी माणसाच्या जिवावर बेततं. भंगार, रिवाइंडिंग, गॅरेज, टीव्ही-रेडिओ दुरुस्ती ही कामं आपल्या अनेक घरांत पिढ्यानपिढ्या चालत आली आहेत. त्यामुळे ही माहिती त्या घरांतल्या तरुणांच्या उपयोगाची आहे.

मावळात हे सामान येतं कुठून?

घाटमाथ्याच्या या पट्ट्यात विजेची मोजमापं शंभर वर्षांहून जास्त काळ चालू आहेत. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. त्यासाठीचं पाणी लोणावळा, वलवण आणि शिरवटा या वरच्या तलावांत साठवलं जातं. १९३० च्या सुमारास पुण्यापर्यंतची रेल्वे १,५०० व्होल्ट डीसीवर धावू लागली. लोणावळ्यात नौदलाच्या अभियंत्यांना शिकवणारी आयएनएस शिवाजी १९४५ पासून आहे. शेजारी देहूरोडला लष्कराचे डेपो, तळेगावला एमआयडीसी, पुण्यात कॉलेजं आणि प्रयोगशाळा. जिथे वीज आणि यंत्रं, तिथे मल्टिमीटर, मेगर, ऑसिलोस्कोप आलेच. अशी उपकरणं जुनी झाली की संस्थेच्या रजिस्टरमधून त्यांची नोंद कमी होते आणि ती विक्रीला निघतात.

सरकारी संस्था आणि सार्वजनिक उपक्रमांचा बराचसा असा माल एमएसटीसी या १९६४ साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून विकला जातो. सुटा माल पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी दिसतो. लिलाव कुठलाही असो, माल बघण्याचा दिवस चुकवू नका. बॅटरी, वही आणि मोबाइल घेऊन जा. प्रत्येक पेटीच्या पुढच्या-मागच्या बाजूचे आणि नेमप्लेटचे फोटो काढू देत असतील तर काढा, नाहीतर उतरवून घ्या. ‘जसे आहे’ म्हणजे नंतर तक्रारीला जागा नाही. बोली लावायची ती जे डोळ्यांनी पाहिलं त्यावरच.

ओळख पटवायची कशी?

पहिली खूण नेमप्लेट. तिच्यावर कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर आणि सप्लाय व्होल्टेज असतं. ही चार उत्तरं मिळाली की अर्धं काम झालं. मॉडेल नंबर मिळाला, तर जुन्या सर्व्हिस मॅन्युअलची प्रत इंटरनेटवर बहुतेक वेळा सापडते आणि मॅन्युअल म्हणजे त्या यंत्राची कुंडलीच. सर्किट, व्होल्टेज, तपासणीचा क्रम, सगळं त्यात असतं.

दुसरी खूण म्हणजे सिरियल नंबर. हेवलेट-पॅकार्ड, म्हणजे एचपीच्या अनेक उपकरणांवर चार आकडे, एक अक्षर आणि पुढे आणखी आकडे असतात. पहिल्या दोन आकड्यांत १९६० मिळवायचे. समजा, सुरुवात २११५ए अशी आहे. २१ अधिक १९६० म्हणजे १९८१, आणि १५ म्हणजे त्या वर्षाचा पंधरावा आठवडा. ए म्हणजे अमेरिका, जे म्हणजे जपान. हा आकडा त्या मालिकेची रचना कधी ठरली ते सांगतो. प्रत्यक्ष पेटी त्यानंतर बनलेली असू शकते. म्हणून आतल्या आयसी बघा. आयसीवर ८२३४ असा आकडा असेल तर ती १९८२ च्या चौतिसाव्या आठवड्यातली. सगळ्या आयसींमध्ये जी सर्वांत नवी, यंत्र तिच्या आधीचं असूच शकत नाही. मात्र ती आयसी दुरुस्तीत बदललेली नाही ना, हे सोल्डर बघून ठरवा.

तिसरी खूण लष्करी शिक्क्यांची. एका ठिकाणी मिळणाऱ्या तीन रेघांचा बाण दिसला, तर तो ब्रिटिश सरकारी मालाचा शिक्का. झेडए अक्षरांनी सुरू होणारा नंबर ब्रिटिश लष्कराच्या सिग्नल खात्याच्या सामानावर असायचा. तेरा आकड्यांचा नंबर ६६२५ ने सुरू होत असेल, तर नाटो देशांच्या पद्धतीत तो विजेची आणि इलेक्ट्रॉनिक मोजमापं घेणाऱ्या उपकरणांचा गट. एवढ्या एका आकड्यावरून मिश्र ढिगातली कामाची पेटी बाजूला काढता येते.

नेमप्लेटच गेली असेल तर? मग जाळीतून आत डोकावा. काचेचे व्हॉल्व्ह दिसले तर यंत्र साधारण १९६० च्या दशकापर्यंतचं. सुटे ट्रान्झिस्टर दिसले तर त्यानंतरचं. आयसींच्या रांगा म्हणजे सत्तरचं दशक किंवा पुढचं. अर्थात पिढ्या एकमेकींत मिसळतात, व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर एकाच पेटीतही सापडतात.

ढिगात काय काय निघू शकतं?

अ‍ॅव्होमीटर: अँपिअर, व्होल्ट, ओहम यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. ब्रिटिश टपाल खात्यातल्या डोनाल्ड मॅकेडी या इंजिनिअरच्या कल्पनेतून हे मीटर १९२३ मध्ये बाजारात आलं. त्याचं मॉडेल ८ हे १९५१ पासून २००८ पर्यंत बनत होतं. दोन मोठे गोल स्विच, आरशाची पट्टी असलेली डायल आणि जास्त करंट गेला तर उडणारं कट-आउट बटण ही त्याची ओळख. ओहम मोजण्यासाठी त्यात १५ व्होल्टची लहान बॅटरी लागते. ती सहज मिळत नाही, म्हणून बाकी सगळं ठीक असूनही अनेकजण मीटर मेलेलं समजतात.

मेगर: हे मुळात एका ब्रिटिश कंपनीचं व्यापारी नाव, आपण ते यंत्राचंच करून टाकलं. दांडा फिरवला की आतला डायनॅमो ५०० किंवा १,००० व्होल्ट तयार करतो. वाइंडिंगचं किंवा केबलचं इन्सुलेशन तपासायला त्याचा उपयोग. रिवाइंडिंगवाल्याला ते आजही रोज लागतं.

ऑसिलोस्कोप: पडदा, खाली चौकटींची जाळी, पुढे गोल बीएनसी सॉकेट. टेक्ट्रॉनिक्स, एचपी, फिलिप्स आणि ठाण्याची अ‍ॅपलॅब ही नावं आपल्याकडे बघायला मिळतात. टेक्ट्रॉनिक्सचं १९७२ चं ४६५ हे १०० मेगाहर्ट्झचं मॉडेल आजही लोक हौसेने चालवतात. काही मोठ्या ऑसिलोस्कोपमध्ये पुढचा खण ओढून बाहेर निघतो, त्याला प्लग-इन म्हणतात. पेटी एकाला आणि प्लग-इन दुसऱ्याला विकू नका, दोन्हींची किंमत पडते.

खुंट्यांची लाकडी पेटी: ही बहुधा कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधला रेझिस्टन्स बॉक्स किंवा पोस्ट ऑफिस बॉक्स. पितळेच्या मोहाने हमखास फोडली जाते. आतल्या तारेच्या गुंडाळ्या धड असतील तर पेटी अजूनही अचूक काम देते.

आपल्या राज्यातल्या नावांकडेही लक्ष ठेवा. नाशिकच्या मोटवाने कंपनीचे मल्टिमीटर एके काळी कितीतरी आयटीआय आणि वर्कशॉपमध्ये होते.

हात लावण्याआधी: मायापुरीचा धडा

२०१० च्या फेब्रुवारीत दिल्ली विद्यापीठाने रसायनशास्त्र विभागातलं एक जुनं यंत्र रीतसर लिलावात विकलं. ते १९८५ पासून वापरात नव्हतं. ते होतं गॅमासेल, म्हणजे किरणोत्साराचं यंत्र, आणि आत कोबाल्ट-६० होतं. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते फोडलं. कोबाल्ट दिसायला साध्या धातूसारखाच. वास नाही, चटका नाही. एप्रिलमध्ये माणसं आजारी पडू लागली, अनेकांना रुग्णालयात हलवावं लागलं आणि एकाचा जीव गेला. लिलाव मोठ्या संस्थेचा होता, कागद होते, पावती होती. तरी ज्यांनी ते फोडलं त्या गरीब कामगारांना आत काय आहे हे कुणी सांगितलं नाही.

म्हणून पिवळ्या पाटीवर पंख्याच्या तीन पात्यांसारखी खूण दिसली, किंवा आकाराच्या मानाने पेटी भलतीच जड, शिशाने भरल्यासारखी वाटली, तर हात लावू नका. लोकांना लांब करा, पोलिसांना कळवा. अशा मालाचं नियंत्रण मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे.

मीटरमध्येही याचं छोटं रूप सापडतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या काही लष्करी मीटरांच्या काट्यावर आणि आकड्यांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असायचा. आता तो चमकत नाही, तपकिरी पडतो, म्हणून लोक खरवडून काढायला जातात. चमक देणारं रसायन संपलं असलं, तरी रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे १,६०० वर्षांचं आहे. काच बंदच ठेवा, खरवडू नका, मुलांच्या हातात देऊ नका. तेल गळणारे जुने मोठे कंडेन्सर आणि पारा असलेले स्विच हेही उघड्या हाताने हाताळू नयेत.

ट्रान्समीटर, वायरलेस सेट किंवा जॅमर निघाला, तर तो चालू करणं दूरच, परवान्याशिवाय बाळगणंही अडचणीत आणू शकतं. तो तसाच बाजूला ठेवून चौकशी करा.

प्लग लावण्याआधीची कामं

लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अशा हवेत गोदामात पडलेलं यंत्र दमट झालेलंच असतं. आधी मऊ ब्रशने धूळ काढा, उंदराची घरटी आणि गंजलेले सेल काढून टाका. कोरड्या जागी काही दिवस वाळू द्या. मग हा क्रम पाळा.

पहिलं, मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघा. अमेरिकन माल ११० ते ११७ व्होल्टवर असू शकतो. तो तसाच २३० ला लावला की गेलाच.

दुसरं, वायर आणि अर्थिंग. रबराची भेगाळलेली वायर बदला, तीन पिनांचा प्लग लावा, अर्थ पिन आणि पत्र्याची बॉडी यांच्यात मीटरने कंटिन्युइटी बघा. फ्यूज काढून बघा. त्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली निघाली तर समजा, कुणीतरी आधीच उद्योग केलेला आहे.

तिसरं, प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिना एकत्र जोडून, यंत्राचा स्विच चालू ठेवून, त्या पिना आणि बॉडी यांच्यात ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन बघा. एक मेगओहमपेक्षा कमी आलं तर पुढे जाऊ नका.

चौथं, कंडेन्सर. फुगलेले, गळलेले आधी बदला. सप्लायच्या तोंडाशी पिवळसर पारदर्शक आवरणाचे, आत कागद असलेले कंडेन्सर दिसले आणि त्यांना भेगा असतील, तर चालू करण्याआधीच काढा. ओल धरलेले हे कंडेन्सर थोड्याच वेळात धूर काढतात.

आता सिरीज बल्ब. आपल्या प्रत्येक जुन्या इलेक्ट्रिशियनकडे हा बोर्ड असतो. फेजमध्ये ६० किंवा १०० वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब जोडायचा (एलईडी चालत नाही) आणि त्यातून यंत्राला वीज द्यायची. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडाने पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. यंत्र वाचलं, घराचा फ्यूजही वाचला. डिमरस्टॅट असेल तर व्होल्टेज हळूहळू चढवा, म्हणजे वर्षानुवर्षं झोपलेले कंडेन्सर सावकाश जागे होतात. आत स्विचिंग पद्धतीचा सप्लाय असेल तर मात्र कमी व्होल्टेजवर तो चालू-बंद होत राहतो, तिथे मॅन्युअल बघूनच पुढे जा. दुकानाच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असावा आणि काम करताना शेजारी दुसरा माणूस असावाच.

ऑसिलोस्कोप उघडताना जास्त जपा. पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात, मोठ्या मॉडेलमध्ये १०,००० च्याही वर. प्लग काढल्यावरही ते आत साठून राहतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करू नका, त्यासाठी योग्य रेझिस्टन्स आणि इन्सुलेटेड दांडी लागते. हे काम जुन्या पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीच्या कारागिरांना नीट येतं. आपल्या मोहल्ल्यात असा एखादा चाचा असेल, तर त्यांच्याजवळ बसून शिका. त्यांचं दुकान बंद झालं असेल, हात अजून विसरलेला नाही.

दुरुस्ती झाली, पण आकडा खरा आहे का?

यंत्र चालू झालं म्हणजे काम संपलं नाही. मीटरचा काटा हलतो, पण २३० ला २१० दाखवत असेल तर ते मीटर माणसाला फसवतं. विजेच्या कामात असा फसवा आकडा जिवाशी खेळ आहे. आधी रोटरी स्विचवर काँटॅक्ट क्लीनर मारून तो पंचवीस-तीस वेळा फिरवा, निम्मे दोष तिथेच जातात. काटा शून्यावर नसेल तर पुढचा छोटा स्क्रू हलक्या हाताने फिरवा. मीटरची काच लोखंडी कीस पडलेल्या टेबलावर उघडू नका, आतलं चुंबक तो ओढून घेतं आणि काटा अडकतो. मग खात्रीच्या नव्या मीटरशेजारी ठेवून प्रत्येक रेंजवर तीन-चार ठिकाणी आकडे जुळवा आणि वहीत लिहा. गिऱ्हाइकाला प्रमाणपत्र हवं असेल, तर पुण्यात शिवाजीनगरला केंद्र सरकारची ईटीडीसी ही कॅलिब्रेशनची प्रयोगशाळा आहे.

जे दुरुस्त होणार नाही त्यातले नॉब, मीटर, स्विच, ट्रान्सफॉर्मर काढून नीट नाव लिहून ठेवा. उरलेलं उघड्यावर जाळू नका. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि हा व्यवसाय म्हणून करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. केबलचा धूर शेवटी आपल्याच मुलांच्या छातीत जातो.

विकताना काय सांगायचं?

लिलाव आपल्या दीनला परका नाही. हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेल्या आणि अबू दाऊद यांनी नोंदवलेल्या हदीसमध्ये एक अन्सारी सहाबी मदत मागायला आल्याचा प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्या घरातलं एक कापड आणि एक भांडं मागवून घेतलं आणि लोकांसमोर बोली लावून ते दोन दिरहमना विकलं. एका दिरहमचं घरी अन्न गेलं, दुसऱ्याची कुऱ्हाड आली, आणि लाकूडतोड करून ते सहाबी पंधरा दिवसांत दहा दिरहम कमावून परत आले. लिलावातून आलेल्या पैशाचं हत्यार झालं आणि हत्याराची रोजीरोटी झाली.

पण त्याच शिकवणीत अटीही आहेत. घ्यायचं नसताना नुसता भाव चढवण्यासाठी बोली लावणं, ज्याला नजश म्हणतात, ते मना आहे. आणि धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषितांनी (स.) आतली ओल शोधून काढली आणि ती झाकून ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला टोकलं, ही हदीस तर आपण लहानपणापासून ऐकतो. जुन्या यंत्राची ओलही आतच असते. वरून पॉलिश मारलेला ऑसिलोस्कोप गिऱ्हाइकाला छान दिसतो, आतला जळका ट्रान्सफॉर्मर फक्त आपल्याला माहीत असतो.

म्हणून प्रत्येक वस्तूला तीनपैकी एक चिठ्ठी लावा. ‘चालू, आकडे तपासलेले’. ‘चालू, आकडे तपासलेले नाहीत’. ‘बंद, सुट्या भागांसाठी’. काय बदललं, काय बदललं नाही, तेही खाली लिहा. असं केल्याने भाव थोडा कमी मिळेल. पण संग्राहक, हॅम रेडिओवाले आणि दुरुस्तीवाले यांचं जग छोटं आहे. कुणाच्या दुकानातली चिठ्ठी खरी असते हे तिथे लवकर पसरतं, आणि पुढच्या वेळी ते स्वतः फोन करून विचारतात, नवीन लॉटमध्ये काही आलंय का म्हणून. बरकत तिथेच आहे.